काचेआडचं ऊन

४ फेब्रुवारी
चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद.

माझे पाय बरे आहेत. वर्गात बसून शिकवते, त्यामुळे पोरं खूश. बाई आता पाठीमागून येऊन पकडत नाहीत. आता कामाचं. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा माझा मज्जातंतूंचा आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस, बायकांनाच जास्त गाठतो, आणि रक्तात ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांत तो अधिक दिसतो. छातीठोकपणे कुणीच सांगत नाही, पण सख्ख्या बहिणीने तपासून घेतलेलं बरं. टाळू नकोस.

तुझा पिच्छा न सोडणारी,
ताई

११ फेब्रुवारी
ती. ताईस सा. न. वि. वि.

अगं, मी घड्याळं दुरुस्त करते. धूळ नको म्हणून दुकान बंदिस्त, पण समोर ही मोठी काच आणि दिवसभर तोंडावर ऊन. एवढं ऊन गल्लीत फक्त मांजराला मिळतं. तपासणी कशाला? तरी तुझ्या समाधानासाठी जाईन कधीतरी.

लोभ आहेच, उपदेश थोडा आवर.
धाकटी

२ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

गेले बाई. वीसच्या वर हवं तिथे माझं ड निघालं नऊ. डॉक्टर हसले. म्हणाले, काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण ज्या किरणांनी हे जीवनसत्त्व तयार होतं ते बाहेरच अडतात. आता आठवड्याला एक गोळी, आणि दुपारचा डबा बाहेर पायरीवर.

एक लपवलं होतं. महिनाभर डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. तुझंही हातापासूनच सुरू झालेलं. म्हणून तपासणीचं नाव काढलंस की मी थट्टेवर न्यायची. शेवटी मेंदूचा एमआरआय झाला, स्वच्छ आहे. मग डॉक्टरांनी मला कामाला बसते तशी बसवून पाहिलं. दिवसभर कोपर टेबलाच्या कडेवर, तिथेच नस दबत होती. आता कोपराखाली उशी आहे. रागावू नकोस.

तुझी,
धाकटी

७ मार्च
चि. धाकटीस आशीर्वाद, आणि एक धपाटा.

पत्र दोनदा वाचलं. एकदा रागाने, एकदा रडत. मला वाईट वाटेल म्हणून महिनाभर एकटी घाबरत बसलीस ना? अगं, या आजाराशी माझी आठ वर्षांची ओळख. त्याची भीती वाटली तर आधी मलाच विचारायचं. पुन्हा दोन बोटं बधिर झाली, तर त्याच दिवशी उरलेल्या आठांनी लिही.

माया आहे तशीच राहो,
ताई