दुधातला एक तास

खोनकेन,
बुधवार, १२ जून

प्रिय गुंग,

कशी आहेस? आईचा गुडघा बरा आहे का? नोंगखायला नदीचं पाणी चढलं असेल. तुमच्या दुकानातल्या भाजलेल्या कोंबडीची इथे अजून आठवण निघते. प्रयोगशाळेत नवा फ्रीज आलाय, तोही जुन्यासारखाच घुरघुरतो.

आठ महिने गप्प राहून ताईला आज एकदम पत्र कसं सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर तू "तुक ताई" म्हणालीस की माझी जीभ अडकते. म्हणून कागद.

काल उंदरांचं पुण्यकार्य झालं. नऊ भिक्खू आले, चिकट भात वाढला, आणि प्रयोगशाळाप्रमुख म्हणून विलाईबाईंनी वर्षभरात प्रयोगांत गेलेल्या सगळ्या उंदरांची क्षमा मागितली. पाणी सोडताना माझं निम्मं पाणी वाटीबाहेर सांडलं. शेजारी पिंजरे धुणाऱ्या बुनमी मावशी होत्या. म्हणाल्या, "एवढी काय घाबरतेस गं? उंदराची माफी मागणं सोपं. तो 'का केलंस' म्हणून विचारत नाही." सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

तू मात्र विचारशील. म्हणून आधीच सांगते.

सांधे सुजवणारं ते एक प्रथिन नेमकं पकडेल आणि दुसऱ्या कशाला चिकटणार नाही असं प्रतिपिंड मिळावं म्हणून मी चार वर्षं घासली. माझं प्रत्येक प्रतिपिंड आणखी पाच गोष्टींना चिकटायचं. तू आलीस, तुला सगळं मीच शिकवलं, आणि दुसऱ्याच वर्षी शहाण्णव खळग्यांच्या ताटलीतून तू सी-नऊ खळग्यातलं ते नेमकं प्रतिपिंड काढलंस. बाई म्हणाल्या, "हिच्या हाताला गुण आहे!" माझे हात अकरा वर्षं तिथेच होते. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी जिन्यात उभी राहून मोठ्यानं म्हटलं होतं. तेवढ्यात तू खाऊची पुडी घेऊन वर आलीस आणि म्हणालीस, "ताई, पहिला घास तुझा. हे तुझंच आहे गं." तू मिरवली असतीस तर बरं झालं असतं. मला तुझा राग तरी नीट करता आला असता.

मग तुझे वडील गेले. बँकॉकच्या रुग्णालयाला सी-नऊ हवं होतं, शेवटची चाचणी राहिली होती, आणि तू गावी होतीस. बाईंनी ती मला दिली. पट्टीवर एका बाजूला ते प्रथिन असलेल्या पेशींचा अर्क, दुसऱ्या बाजूला ते काढून टाकलेल्यांचा. दुसरीकडेही डाग उमटले तर प्रतिपिंड बाद.

प्रतिपिंड घालण्याआधी पट्टी दुधाच्या पावडरच्या पाण्यात एक तास ठेवायची, नाहीतर ते वाटेल तिथे चिकटतं. हे तुला मीच शिकवलं. त्या दिवशी मी पाच मिनिटांत दूध ओतून टाकलं. विसरले असं लिहिणार होते. विसरले नव्हते. घड्याळ समोर होतं.

दोन्हीकडे डाग उमटले. बाईंनी विचारलं, "पुन्हा केलंस?" म्हटलं, "तीनदा." तेही खरंच होतं. तिन्ही वेळा पाच मिनिटं.

तू परत आलीस. तू निदान पट्टी मागायची होतीस, भांडायचं होतंस! तू फक्त म्हणालीस, "ताईनं केलंय ना? मग बरोबरच असणार." महिन्याभरात सामान बांधून दुकानावर बसलीस.

बाईंनी सी-नऊ बनवणाऱ्या पेशी टाकायला सांगितल्या होत्या. मी टाकल्या नाहीत. गोठवायच्या टाकीत तळाशी, माझ्या फसलेल्या नळ्यांच्या खाली ठेवल्या, आणि वर माझं नाव लिहिलं. वाचवायला की बळकावायला, ते माझं मलाच माहीत नाही.

आज सकाळी फळीवर तुझा दुधाच्या पावडरचा डबा सापडला. पहिल्या आठवड्यात तू त्यावर लिहिलं होतंस: "तुक ताईनं सांगितलंय, एक तास, घड्याळ लावून." त्याच डब्यातलं दूध घेतलं. पूर्ण तास स्टुलावर बसून राहिले. नंतर सी-नऊ घातलं, तर पहिल्या बाजूला एकच डाग आला. दुसरी बाजू कोरी. इतकी स्वच्छ, की गुंग, माझ्या पोटात पुन्हा दुखलं. तुझ्यापासून हेही लपवत नाही.

ती पट्टी बाईंच्या टेबलावर ठेवून आलेय. शेजारी जुन्या तीन, आणि मी काय केलं ते एका कागदावर. नळ्यांवरचं माझं नाव खोडून तुझं घातलंय. बाई दोन वाजता येतील. त्यानंतर माझी जागा बहुधा रिकामी होईल. ये, आणि सी-नऊ घे. दुधाचा डबा फळीवरच आहे. त्यावरचं माझं नाव तेवढं मी खोडलं नाही. ते तू खोड.

तू जिला ताई म्हणायचीस, ती
तुक