काजं-बटणं तेवढी राहिलीत

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो; पण अलीकडे खरं तेवढंच लिहायचं ठरवलंय, आणि कंबर धरल्यामुळे साष्टांग काही जमत नाही.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुझी साखर आटोक्यात आहे ना? इकडे सगळं क्षेम. म्हणजे तुझी भावजय मजेत आहे आणि मी सुधारतो आहे. सुधारणं फार जिवावर येतं, दादा.

तू मला कात्री धरायला शिकवलंस, पण कात्रीच्याही आधी ते वाक्य शिकवलंस: "काजं-बटणं तेवढी राहिलीत, परवा या." कापड पुडक्यातून बाहेरसुद्धा आलेलं नसताना तू हे ज्या शांतपणे म्हणायचास, ते बघून मी धन्य व्हायचो. एकवीस वर्षं दुकान त्याच वाक्यावर चाललं. मी प्रभू ख्रिस्ताच्या मार्गाला लागलो तेव्हा तू म्हणालास, "प्रार्थनेला जायचं तर जा, पण ते दुकानात आणू नकोस, गिऱ्हाईक बिचकतं." मीही शहाण्यासारखं बायबल चिंध्यांच्या खोक्यात तळाशी ठेवत आलो. रविवारी देवाचा आणि सोमवारपासून काजा-बटणांचा.

तर मागच्या महिन्यात एका रविवारी चर्चमध्ये आमच्या पाळकांनी सांगितलं की, विश्वास म्हणजे जुन्या मनाला ठिगळ लावणं नव्हे; मनच नवं व्हायला हवं आणि ते चारचौघांत दिसायला हवं. विषय आपल्या धंद्यातला निघाल्यामुळे मी इतकी मान डोलावली की ती दुखायला लागली. दुसऱ्याच दिवशी पाळक दुकानात हजर. माझी पँट झाली का, म्हणून. माझं नवं मन जागं होईपर्यंत जुन्या तोंडानं सांगूनही टाकलं की काजं-बटणं तेवढी राहिलीत. आणि दादा, ते ज्या पुडक्यावर कोपर टेकून उभे होते ना, ते त्यांच्याच पँटचं कापड! सुतळीची गाठसुद्धा त्यांनीच मारलेली. त्यांनी गाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "बरं, परवा येतो" म्हणून निघून गेले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. (पँट परवा दिली. काजांसकट.)

मग ठरवलं, आता जे असेल ते खरं. पहिल्या आल्या मुख्याध्यापिका बाई. म्हटलं, "बाई, तुमचं कापड अजून बेतलेलं नाही. पुढच्या शुक्रवारी देतो." बाई मटकन स्टुलावर बसल्या. "इस्त्रीनं जाळलंत ना? खरं सांगा!" आता याहून खरं कुठून आणू? गिऱ्हाइकाला आपली भाषा पाठ असते, दादा. 'काजं-बटणं' म्हणजे आठ दिवस, 'इस्त्री राहिलीय' म्हणजे पंधरा. 'बेतलेलं नाही' हे त्यांनी जन्मात ऐकलेलं नव्हतं, तेव्हा कापड गेलं असाच अर्थ त्यांनी लावला. संध्याकाळपर्यंत पोस्टातले साहेब आणि कंपाउंडर आपापली पुडकी उचलून घेऊन गेले आणि शिंप्याचं डोकं फिरलंय हे गल्लीभर झालं.

मी डोक्याला हात लावून बसलो. तुझ्या भावजयीनं मात्र खोक्यातून बायबल काढलं, टेबलावर टेपच्या शेजारी ठेवलं आणि स्वतःच्या अक्षरात पाटी लिहून दाराला टांगली: "आम्ही ख्रिस्ताचे आहोत. तारीख खरी सांगतो, म्हणून लांबची सांगतो." मी घाबरून आत जाऊन बसलो (पाव तासच, पण बसलो). शुक्रवारी बाई आल्या, कपडे उलटेपालटे करून जळल्याची खूण शोधली, आणि जाताना दारात थांबून म्हणाल्या, "बारा वर्षांत पहिल्यांदा सांगितल्या दिवशी काम झालं. ही पाटी काढू नका." दुसऱ्या दिवशी कंपाउंडरचं पुडकं परत आलं. पोस्टातले साहेब अजून आलेले नाहीत. त्यांची मापं मी जपून ठेवली आहेत.

हल्ली गिऱ्हाईक दिसलं की मशीनखाली वाकून सुई शोधावी लागत नाही. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी माझा बाप्तिस्मा आहे, सगळ्यांसमोर. तुला आवडणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून तर पत्राच्या टोकाला लिहितोय. एवढं जुनं मन अजून शिल्लक आहे. पण ज्यानं हातात कात्री दिली तो पुढच्या बाकावर दिसला नाही, तर माझ्या मनाला फार लागेल. ये.

आणखी ता. क. तुझा कोट. गेल्या तीन पत्रांत 'काजं-बटणं तेवढी राहिलीत' असं कळवलं होतं. तू ओळखलं असशीलच, वाक्य तुझंच. कापड पुडक्यात होतं, दादा. माफ कर.

शेवटचं ता. क. धीर होईना म्हणून हे पत्र सहा दिवस टाकलंच नाही. तेवढ्यात कोट बेतला, शिवला, अस्तरही लावलं. आता काजं-बटणं तेवढी राहिलीत. या वेळी खरंच. तुझ्यासारखी बटणं मला अजून लावता येत नाहीत, म्हणून डबी तशीच ठेवलीय. शनिवारीच ये. दोघं बसून लावू, आणि रविवारी तोच घाल.