लाखनीला पाठवलेलं कोहळं

आंधळगाव, मंगळवार

प्रिय रुचिका,

दिवाळीला आलीस तेव्हा तुझी ती स्पॅनिशची वही मागासाठी सूत भरायच्या माझ्या कांड्यांच्या टोपल्यात विसरून गेलीस. पुण्याहून फोन करून घर डोक्यावर घेतलंस. सगळ्यांनी शोधली, मीही शोधल्यासारखं केलं. वही माझ्याजवळच होती. वाचायची बाकी होती म्हणून दिली नाही. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला ठाऊक आहे, चौथीपर्यंत तेवढं शिकवतात.

परदेशी अक्षर शेजारच्या खुशबूनं वाचून दाखवलं. एका रकान्यात स्पेनचं बोलणं, दुसऱ्यात त्याच मतलबाचं इंग्रजी, तिसऱ्यात तुझं मराठी. कांड्या भरता भरता आमचे आठ दिवस मजेत गेले. थट्टा करायची तर स्पेनवाले केस ओढतात, इंग्रज पाय ओढतो. आपल्याकडंही पाय ओढतात, पण थट्टेत नाही, सरपंचाच्या निवडणुकीत. काम सोपं असलं की तिकडं म्हणे पाव खाऊन झाला, इंग्रज म्हणे केकचा तुकडा, आणि आपण म्हणतो डाव्या हातचा मळ. ते दोघं खाऊन मोकळे, आपल्या वाट्याला मळ. खुशबू एवढी हसली की तिची आई बघायला आली.

मग ते पान आलं. 'दार कालाबासास', म्हणजे कोहळं देणं. तुमच्या पुण्यात लाल भोपळा म्हणतात तेच. मागणी घालणाऱ्याला नकार दिला की तिकडं म्हणतात, त्याला कोहळं दिलं. इंग्रज त्याच्या जागी थंड खांदा दाखवतो, तो त्यालाच लखलाभ. आणि तिसऱ्या रकान्यात तुझ्या अक्षरात, 'लाखनीच्या संजीवला कोहळं द्यायचं आहे, पण बाबांसमोर तोंड उघडत नाही.'

दिवाळीत तुझ्या बापानं विचारलं तेव्हा मान खाली घालून 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणालीस. माझ्या वेळी मला कोणी विचारलंच नाही, म्हणून मला उत्तर शिकावं लागलं नाही. तुला विचारलं होतं. चार भाषा येतात आणि एकीतही नाही म्हणता येत नाही, तर कायले शिकतेस पोरी?

मागच्याच्या मागच्या रविवारी लाखनीवाले लग्नाची तारीख काढायच्या गोष्टी करायला आले. पोरगा वाईट नाही. पोहे खाताना मोबाईल खिशात ठेवला. पण नको तर नको. मी विचार केला, तुझ्या बापाची, हेमराजची, फजिती न करता स्पेनच्या रिवाजानं उरकावं. मांडवावरचं सगळ्यात मोठं कोहळं उतरवलं आणि निघताना गाडीत बसलेल्या सुलोचनाबाईच्या, म्हणजे संजीवच्या आईच्या, मांडीवर ठेवलं. ती 'अवो माय, एवढं मोठं कायले जी' म्हणत उतरली आणि माझ्या पाया पडली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. भाजी लय गोड झाली, बिया जपून ठेवल्या, तारीख जरा लवकरचीच काढू.

स्पेनचं बोलणं लाखनीपर्यंत पोचलेलंच नव्हतं. मग माझ्या तोंडानं सांगितलं, 'बाई, ते कोहळं नकाराचं होतं. पोरीले हे लग्न नाही करायचं. तुमच्या पोरात खोट नाही, आमच्या पोरीत तोंड नाही.' ती मग म्हणते, 'पण आता तर शिजवलं जी आम्ही.'

घरात काय झालं असेल ते समजून घे. तुझी आई म्हणाली, आईंच्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, करुणा, स्पेनमध्ये म्हणतात जिभेवर केस नाही, आणि इंग्रज म्हणतो शब्दांचा खिमा करत नाही. तिला तिन्ही आवडली नाहीत. हेमराजनं माझ्याशी बोलणं टाकलं. त्यात दुसरं कोहळं उतरवून ओट्यावर ठेवलेलं. आपल्याकडं अख्ख्या कोहळ्यावर पहिली सुरी बाईनं चालवायची नाही. ते घरातला थोरला मुलगा असतं म्हणतात. पुरुषानं एक वार केला की मग बाया चिरायला मोकळ्या. हे त्याला चांगलं ठाऊक. आठ दिवस तो कोहळ्याला वळसा घालून जात राहिला आणि आम्ही आठ दिवस वांगी खाल्ली.

आज सकाळी चहा पिऊन उठला, सुरी घेतली आणि असा वार केला की ओट्यावरचे गिलास वाजले. माझ्याकडं न बघता म्हणाला, 'माय, तिनं मले काहून नाही सांगितलं?' मी काही बोलले नाही. मी, आणि गप्प! करुणा घाबरून बघायला लागली. पण ते उत्तर माझं नव्हतंच.

म्हणून हे पत्र. फोनवर तू 'हो आजी, हो आजी' करून ठेवून दिला असतास. तुझा बाप रविवारी दुपारी घरी असतो. त्याला फोन लाव आणि तुझ्या तोंडानं सांग. मी कोहळी वाहून दमले. वही सोबत पाठवते आहे. त्या पानावरचं तुझं वाक्य मी खोडलं आणि तिथं माझ्या अक्षरात लिहिलं, 'नाही'. एवढ्याशा शब्दाला तुला तीन रकाने कायले लागले?

तुझीच, वही चोरणारी
आजी