ओटा समाईक राहील

मी, मंडईत लिंबे विकणारी, जिला मागून सगळे आंबट म्हातारी म्हणतात ती, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. यासाठी कोणी माझ्यावर जबरदस्ती केलेली नाही. जबरदस्ती झाली ती दुसऱ्याच कागदासाठी, आणि तिला मी दाद दिलेली नाही.

१. राहती खोली आणि बँकेतली शिल्लक मुलीला. आजारपणात तिने माझे सगळे केले. सूनबाईने फोन केले, म्हणून तिला भांडी.

२. आता ओटा. मंडई बांधताना नगरपालिकेकडे छपरापुरतेही पैसे उरले नाहीत, तेव्हा दगडी ओटे बसणाऱ्यांनाच कायमचे विकून लोखंडी खांब आणि कौले आणली. माझ्या सासूबाईंनी बांगड्या मोडून हा ओटा घेतला. पुढे मासळीची बाजू जळाली. साहेब लोक पाहणी करत राहिले आणि आम्ही बायका दुसऱ्या सकाळी राख झाडून विकायला बसलो. त्या इमारतीला आता ‘धोकादायक’ म्हणतात. तिच्या भिंतीत एक खिळा ठोकून दाखवा म्हणावे.

३. बिल्डरला ती पाडून मॉल उभारायचा आहे. त्याला प्रत्येक ओटेवाल्याची संमती लागते. माझी तेवढी बाकी आहे.

“आई, सगळ्यांनी सह्या केल्या, तूच अडून बसलीस,” मुलगा म्हणाला.

“सगळ्यांनी केल्या ना? मग माझ्यावाचून काय अडलंय?”

मॉलमध्ये त्याने स्वतःसाठी दुकान कबूल करून घेतले आहे, हे मला चहावाल्याकडून कळले. ओटा आपल्या नावावर यावा म्हणून पोटच्या पोराने माझे डोळे मिटायची वाट बघावी, याचे फार वाईट वाटले.

४. म्हणून माझा ओटा माझा मुलगा आणि मंडईच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या सर्व भाजीवाल्या यांच्या नावे समाईक राहील. त्या बायकांना मॉलमध्ये कोणी उभेही करणार नाही. वाटण्या नाहीत. विकायचा तर सगळ्यांच्या सह्या.

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. “अहो आजी, समाईक केलंत तर त्या ओट्याचं जन्मात काही होणार नाही!”

“तेच लिहा,” मी म्हटले. माझ्या सासरची जमीन समाईक आहे. चुलत दिरांची नातवंडे अजून भांडताहेत, आणि तिथले एक झाड कोणाला तोडता आलेले नाही.

त्यांत माझ्या ओट्यालगतच्या पायरीवर बसणाऱ्या कोथिंबीरवालीचे नाव सर्वांत वर घालावे. आम्ही बोलत नाही. जुडीवर पाणी मारताना ती मुद्दाम माझी लिंबे भिजवते. तिचे आजवर कोणाशी पटलेले नाही, बिल्डरशीही पटणार नाही. तिच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

५. मुलास: तू माझाच आहेस, म्हणून तुला वगळलेले नाही. सही मागायला मात्र आता कोथिंबीरवालीकडे जा.

साक्षीदार: चहावाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, मी शुद्धीत असल्याची त्यांनी दोनदा खात्री केली.

ठिकाण: मंडई, माझा ओटा.
दिनांक: पाडकामाची नोटीस चिकटवली तो दिवस.

सही: वर्षभर मागत होतात ना? ही घ्या.