सातव्या नावाविरुद्ध एक हात

पाडा, विसरवाडीजवळ
२८ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्टीफन यास रिबेकाताईचा प्रेमाचा सलाम.

घरी सगळे बरे. घोड्यांच्या नादात जेवतोस ना वेळेवर? फोनवर नुसतं हो-हो करून ठेवतोस, म्हणून लिहिते. वनहक्काच्या दाव्यांसाठी नंदुरबारपर्यंत पायी मोर्चा ठरला. आपले बाबा सभेचे अध्यक्ष. मी म्हणाले, भात खळ्यावर पडलंय, ते झोडून घरात येऊ दे, मग निघू. मत घेतलं तर विरुद्ध हात माझा एकटीचा. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. शेजारी बसून आईला म्हणतात, तिला सांग मीठ दे.

तिथं कलेक्टर कचेरीत आत जाऊन साहेबांशी बोलायला सात जण निवडायचे आहेत. विरोध करणारीला घेणार नाही म्हणे. दाव्यांसाठी मी किती हिंडले, तुला ठाऊक आहे. मला आत जायचंय रे.

माया असू दे, आणि घराची वाटही लक्षात असू दे.
तुझी ताई


सारंगखेडा, घोडेबाजार
३ डिसेंबर

ती. बाबांस स्टीफनचा लाल सलाम आणि घरचाही सलाम.

मी मजेत. फत्तेसिंगदादांच्या घोड्यांना पाणी पाजतो. त्यांची पांढरी घोडी अशी नाचते की बघणारा... ते राहू दे. दादा म्हणतात, तू बी घोडासारखाच शे, एक जागे थांबत नही. हां, तर ताईचं पत्र आलं.

निघताना तुम्ही पिशवीत टाकलेलं रशियाच्या क्रांतीचं पुस्तक मी उशाला घेत होतो. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा वाचलं. लहानपणी तुम्ही सांगायचात, उठाव करायचा का हे ठरवायला पक्षाच्या केंद्रीय समितीचे बारा जण बसले. दहा हात बाजूनं, दोन विरुद्ध. ‘दहा हात’ म्हणताना तुमची छाती फुगायची आणि गोष्ट तिथंच संपायची. पण बाबा, त्याच बैठकीत पुढारपणासाठी सात जणांचा पॉलिट ब्युरो नेमला, आणि विरुद्धवाले दोघंही त्या सातांत! त्या सातांनी मिळून पुढं फारसं काही केलं नाही म्हणतात. तरी नावं घेतलीच ना?

साऱ्या गावासमोर माझी ताई एकटी हात वर करून बसली, हे मी इथं तंबू-तंबूत सांगितलंय. पोरगी कोणाची विचारलं, तर तुमचंच नाव सांगितलं.

राग माझ्यावर काढा, तिच्यावर नको.
तुमचा फिरस्ता स्टीफन


पाडा
८ डिसेंबर

चि. स्टीफन यास इमॅन्युएलचा आशीर्वाद व लाल सलाम.

शाळेतून उठायचास तसाच पुस्तकातूनही मध्येच उठलास. पुढचं पान वाच. त्या दोघांचा विरोध नंतर वर्तमानपत्रात छापून आला, आणि त्यांना पक्षातून काढा अशी मागणी झाली. तरी सातांचं मी सांगत नव्हतो, हे खरं.

आणि तुझी ताई? हरल्यावर बाहेर एक शब्द नाही. दुसऱ्या सकाळी मोर्चासाठी नागलीचं पीठ गोळा करायला घरोघर पहिली तीच. काल सभेत सातवं नाव मीच मांडलं, रिबेका. नाव घेताना मी तिच्याकडे वळून बघितलं, तर तुझी आई तोंडाला पदर लावून हसली. बाकी सगळे हात बाजूनं वर गेले. विरुद्ध एकच, तिचाच! म्हणते, मी गेले तर खळ्यावरचं भात कोण झोडणार?

त्यावर सभेनं लगेच ठराव केला, एकमतानं. तू झोडणार. पुढच्या सोमवारी मोर्चा निघतो, त्याआधी घोडी सोड आणि ये.

मीठ आता मी तिच्याकडूनच मागून घेतो.
तुझा बाबा