दीड सूर खाली

९ फेब्रुवारी

सातवा मजला लागला नाही!

काल, भर कार्यक्रमात. 'लिफ्ट बंद आहे' हे गाणं मी वीस वर्षांत किती वेळा गायले असेन, देव जाणे. झोपेतून उठवलं तरी गाईन. लोक ओरडतात — पहिला! दुसरा! तिसरा! — दर मजल्याला सूर एक पायरी वर, आणि सातव्याला सगळे गप्प, फक्त मी. त्या एका सुरासाठी माणसं येतात. काल सहाव्यापर्यंत नीट पोचले आणि सातव्याला घशातून नुसता वारा आला. काय करणार? माइक लोकांपुढे धरला. त्यांना वाटलं, बाई आज लाडात आहेत. त्यांनीच बोंबलून सातवा मजला गाठला, वर टाळ्याही त्यांच्याच. मी आपली हसतेय. पाठ घामाने चिंब.

दादा नेहमीसारखा बाजूला, कीबोर्डवाल्याशेजारी (जाड भिंगांमुळे मी त्याला चष्माच म्हणते) उभा होता. गाणं त्याचं — शब्द त्याचे, चाल त्याची. आत आले तर पाण्याची बाटली पुढे करून म्हणाला, "आज धूळ फार होती हॉलमध्ये."

कसली धूळ! कोरा करकरीत हॉल.

"भयंकर धूळ," मी म्हणाले.

१२ फेब्रुवारी

घशाच्या डॉक्टरबाईंनी नाकातून नळी घालून पडद्यावर सगळं दाखवलं. दोन गाठी. मसुरीएवढ्याही नाहीत. "वीस वर्षं ओरडलात, त्याचं बक्षीस," म्हणाल्या. विश्रांती, वाफ, कमी बोला. वरचे सूर परत येतील का विचारलं तर चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "तसं मी लिहून देणार नाही."

"आणि खालचे?"

"ते आहेत की. बोलल्यासारखं गा."

कुणाला सांगितलं नाही. दादाला तर मुळीच नाही. का ते लिहूनच टाकते — मला त्याने माझ्याकडे कीव करून बघायला नको होतं. बास.

२ मार्च

मफलर भेटला. तरुण निर्माता आहे, उकाड्यातही मफलर गुंडाळून असतो, म्हणून मी मनात हेच नाव ठेवलंय. संथ गाणी करतो. एक गिटार, एक आवाज. म्हणाला, "मॅडम, तुमच्या आवाजात आता जी खरखर आलीय ना, ती सोनं आहे. ती ठेवू." मला हसावं की रडावं कळेना. दोन गाठींना सोनं म्हणणारा पहिलाच माणूस!

हो म्हणाले.

११ मार्च

दादाकडे जाऊन आले. टायरच्या दुकानावरची त्याची रेकॉर्डिंगची खोली, भिंतींना अजून तेच करडे स्पंज, आता कोपऱ्यातून भुगा गळतोय. मी वाक्य पाठ करून गेले होते — "मला आता काहीतरी वेगळं करून बघायचंय." त्याने तारा गुंडाळता गुंडाळता ऐकलं. "कर ना," म्हणाला. "चहा टाकू?"

एवढंच! का, कशासाठी, माझ्या गाण्यांचं काय — काही नाही. परत येताना वाटभर चिडले होते. याला काहीच वाटत नाही? भावाबहिणीने वीस वर्षं एकत्र काम केलं आणि चहा टाकू?

८ एप्रिल

सहा गाणी झाली. खुर्चीत बसून गाते, हळू, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. मफलर डोळे मिटून मान डोलावतो. ऐकताना मलाच माझा आवाज ओळखू येत नव्हता. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

३० मे

सहा गाणी बाहेर आली आणि चाललं! अहो, धावलं! 'ती अखेर स्वतःच्या आवाजात गायली' असं छापून आलंय. ज्यांनी वीस वर्षं नाकं मुरडली, ते फोन करून अभिनंदन करताहेत. आपण किती मोठे कलावंत आहोत हे मला आजच कळलं!

दादाचा फोन सगळ्यात आधी आला होता. "तिसरं गाणं फार चांगलं झालंय. खालचा सूर मस्त लागलाय." मी "थँक्यू" म्हणाले. दादाला थँक्यू!

१४ जून

मुलाखत दिली. मोठं वर्तमानपत्र. बाई हुशार होती, गोड बोलून खोल जात होती. शेवटी तिने विचारलंच — "घसा थकला म्हणून तर बाज बदलला नाही ना?"

 आणि मग तोंडाचा पट्टा सुटला. काय काय बोलले ते उद्या छापून येईल. मला वाचायचं नाही.

१५ जून

वाचलं.

"वीस वर्षांत मी एकदाही पट्टी खाली आणली नाही. शेवटच्या कार्यक्रमापर्यंत मूळ पट्टीत गायले. माझा आवाज थकला नाही, ती गाणी थकली होती. खरं सांगायचं तर तो गोंगाट होता. तशी गाणी कुणीही लिहिली असती."

कुणीही!

आम्ही लहान होतो तेव्हा आमच्या इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद होती. मी रडकुंडीला यायचे म्हणून दादा मला प्रत्येक मजल्यावर एकेक सूर वर चढवायला लावायचा. सातव्याला पोचेपर्यंत पायांचा विसर पडायचा. त्यातून ते गाणं झालं. हे कुणीही लिहिलं असतं?

दिवसभर फोनकडे बघत होते. दादाचा आला नाही.

१७ जून

वहिनीचा आला. वहिनी आवाज चढवत नाही, तेच वाईट. "तुला माहीत असावं म्हणून सांगते. ती नवी गाणारी मुलगी ह्यांच्याकडे सहा गाणी करणार होती ना, तिच्या वडिलांनी नको म्हणून कळवलं. म्हणाले, तुमच्या बहिणीलाच ती गाणी नकोशी झालीत, मग आमच्या मुलीने का गावीत?"

मी एवढंच विचारलं,

"दादा काय म्हणतोय?"

"काही नाही. पेपर घडी करून ठेवून दिला. परवापासून खोलीवर गेलेले नाहीत."

१८ जून

आणखी एक घाण केली. दादाला मेसेज पाठवला — "मुलाखतीत माझी वाक्यं तोडूनमोडून छापलीत. मी असं म्हणालेच नव्हते."

त्याचं उत्तर पाच मिनिटांत: "मला वाटलंच. करतात ते लोक तसं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी मनाला लावून घेऊ नको म्हणे! मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

२३ जून

वहिनीकडून कळलं, दादा भेटेल त्याला सांगत फिरतोय की बिचारीची वाक्यं मोडली. टायरवाल्याला, चष्म्याला, दूधवाल्यालासुद्धा. माझ्या खोट्याची वकिली करतोय भला माणूस.

२५ जून

त्याच्या घराचा जिना चढून दारापर्यंत गेले. आतून रेडिओचा आवाज येत होता. बेलवर बोट ठेवलं, दाबलं नाही. खाली आले. शेजारीण भेटली, तिला म्हटलं, "नुसतीच चक्कर मारायला आले होते." कुणी चार गल्ल्या ओलांडून दुसऱ्याच्या जिन्यावर चक्कर मारायला येतं?

८ जुलै

आज ऐकलं ते तसंच लिहून ठेवते.

वीस तारखेच्या कार्यक्रमात लोक जुनं गाणं मागणारच, असं मफलर म्हणाला. एक कडवं हळू आवाजात म्हणा, गंमत येईल. ठीक. साथीचा ट्रॅक चष्म्याकडे असतो, म्हणून त्याला फोन केला.

"देतो ना ताई. कुठल्या पट्टीतला देऊ? मूळ, की आत्ताचा?"

"आत्ताचा म्हणजे?"

तो अडखळला. मग नुसतं "अं... म्हणजे..." मी ओरडले (डॉक्टरबाई, माफ करा) तेव्हा बोलला.

"तीन वर्षं आपण खालीच वाजवतोय ताई. आधी अर्धा सूर, मग एक, गेल्या वर्षी दीड. दादांनी तसे ट्रॅक करून दिले होते. वेग जरासा वाढवलेला, म्हणजे गाणं जड वाटत नाही, तुमच्या लक्षात येत नाही. मला शपथ घातली होती हो त्यांनी. म्हणाले, तिला कळलं तर ती त्याच दिवशी गाणं सोडेल."

तीन वर्षं!

म्हणजे दादाला माझ्या घशाचं माझ्याही आधी कळलं होतं. सातवा मजला तो माझ्यासाठी हळूहळू खाली आणत होता, आणि मी स्टेजवर मिरवत होते. दीड सूर खाली आणूनही मला तो लागला नाही, तेव्हा म्हणाला, धूळ होती.

आणि मी छापून आणलं की एकदाही पट्टी खाली आणली नाही. ते वाक्य त्याने वाचलंय. त्याला वाचता वाचताच कळलं असणार की ही खोटं बोलतेय, का बोलतेय, आणि कुणाच्या जिवावर बोलतेय. तरी — "तू मनाला लावून घेऊ नकोस."

९ जुलै

जेवण गेलं नाही. लाज वाटते म्हणजे काय ते आज कळलं. कान गरम होतात, आरशाकडे बघवत नाही.

११ जुलै

गेले. बेल दाबली. वहिनीने दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता स्वयंपाकघरात निघून गेली.

दादा जमिनीवर बसून जुना स्पीकर उघडत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. गाठी, नळी, मुलाखत. वाक्यं कुणी मोडली नव्हती, मीच बोलले होते. शब्द न् शब्द. ट्रॅकचंही कळलंय.

त्याने स्क्रू एका झाकणात ठेवले. "चष्म्याच्या पोटात काही राहत नाही," म्हणाला.

"दादा, मला दोन शिव्या तरी दे!"

"शिव्या देऊन गाठी जाणारेत?" त्याने स्पीकरची जाळी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "एक सांगू? 'कुणीही लिहिली असती' ते लागलं जरा."

जरा! मी तिथे खाली बसून लहान मुलीसारखी रडले. त्याने पाठीवर हात ठेवला नाही. बरोबरच केलं.

शांत झाल्यावर मी म्हणाले, वीस तारखेला कार्यक्रमात सगळ्यांसमोर सांगणार. घसा गेला म्हणून बाज बदलला. पट्टी दादाने खाली आणली होती. गाणी थकली नव्हती, मी थकले होते.

"वेडी आहेस का?" आता मात्र तो चिडला. "नवी गाणी आत्ता कुठे चालायला लागलीत. घसा गेला म्हणून नाइलाजाने गाते, असं एकदा लोकांच्या डोक्यात बसलं की संपलं. त्या खरखरीला मग कुणी सोनं म्हणणार नाही."

"न म्हणू देत. तुझ्याकडे परत कुणी गाणी मागायला यायचं असेल तर हे मला सांगावंच लागेल."

"माझं मी बघेन."

"मी सांगणार. तू पहिल्या रांगेत बसायचं. शपथ आहे."

येईन म्हणाला.

१५ जुलै

काय बोलायचं ते लिहून काढलं. चार वाक्यं. मफलरला वाचून दाखवलं नाही, तो मफलरनेच माझा गळा आवळेल. पाठ झालंय. किती दिवसांनी भूक लागली.

१९ जुलै

सकाळच्या पेपरात दादा! फोटोसकट! याने आयुष्यात कधी मुलाखत दिली नाही, कॅमेरा दिसला की तारा गुंडाळायला लागतो.

"बहीण बोलली ते खरंच आहे. माझ्याकडे नवं काही उरलं नव्हतं. मीच तिला सांगितलं, माझी गाणी सोड, तुझा आवाज वाया जातोय. घसा? तिचा घसा ठणठणीत आहे. शेवटपर्यंत मूळ पट्टीत गायली, मी साक्षीला आहे. ती गाणी चालली ती तिच्यामुळे. कुणीही लिहिली असती."

माझेच शब्द. उचलून स्वतःच्या तोंडात घातले.

फोन केला तर वहिनीने घेतला. "ते बोलणार नाहीत. उद्या येणारेत म्हणाले, दिलेला शब्द आहे म्हणून." मग जरा थांबून, "तू आता खरं सांगितलंस तर ते खोटे पडतील. तुला सांगताच येऊ नये, हेच ह्यांना हवं होतं." आणि ठेवला.

आता?

सांगणार. तरीही सांगणार. तो खोटा पडला तरी लोकांना कळेल की का खोटं बोलला. चार वाक्यं आहेत, पाचवं जोडते.

२१ जुलै

काल हॉल भरला होता. दादा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट. शेवटच्या गाण्याआधी मी माइक हातात घेतला, म्हणाले, "मला काही सांगायचंय." दादाने माझ्याकडे बघून मान हलवली — नको. इतकीच, कुणाला कळणारही नाही अशी. मी म्हणाले, "तुम्ही सगळे आलात, खूप बरं वाटलं." आणि गायला लागले.

दादाचा मान राखला म्हणून गप्प बसले, असं वहिनीला सांगितलंय. इथे तरी खरं लिहिते. त्याने मान हलवली तेव्हा मला हायसं वाटलं. तो ती हलवणार हे मला शपथ घालतानाच माहीत होतं, म्हणूनच त्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं.