डाव्या बाजूचा कापूस

तीर्थरूप आईस,

इतक्या लांबून पायांवर डोकं ठेवता येत नाही, तरी ठेवलं असं समज.

मी मजेत आहे. जेवण पोटभर मिळतं, खोकलाही गेला. तुझा गुडघा कसा आहे? घागर धाकटीला उचलू देत जा, उगाच हट्ट करू नकोस.

आमचं शिडाचं लाकडी जहाज नव्या हंगामासाठी तयार झालं. फळ्यांमधल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरायचं काम माझ्याकडे होतं. डावी बाजू मी झटपट उरकली. तेव्हा कुठे कप्तान म्हणाले, "फटी ज्यानं भरल्या, त्यानं पहिल्या फेरीला जहाजावर यायचं. आमच्यात रीतच आहे तशी."

आई, किनाऱ्यावरचंच काम करीन असं तुला सांगून आलो होतो. रागावू नकोस.

मग उजवी बाजू अशी भरली की सुईसुद्धा शिरणार नाही. नंतर डावीकडचा कापूस उपसायला बसलो, तर कप्तान हसले, "सगळे हेच करतात!" उशी ओबडधोबड भरली की तू मला उसवायला लावायचीस, ते आठवलं. पण डावीकडची सगळ्यात खालची एक फट पुन्हा भरायची राहूनच गेली.

काल जहाज पाण्यात उतरवलं. उजवी बाजू कोरडी ठणठणीत आहे. डावीकडे थोडं झिरपतंय. लाकूड फुगलं की थांबेल म्हणतात.

उद्या निघतो. झोपायला जागा मी डावीकडचीच मागून घेतली आहे.

तुझा,
धांदरट